पमादट्ठान : मोबाइलवरील जुगार आणि गृहस्थाचा विनय

गेल्या वर्षावासात विहारातील ग्रंथवाचन आटोपल्यानंतर एक उपासिका मागे थांबल्या. वय साठीच्या घरात, इतरांची धुणीभांडी करून दोन मुलांना शिकविलेल्या. त्यांचा धाकटा मुलगा घरोघरी पार्सले पोचविण्याचे काम करतो. दारूला तो शिवत नाही, पौर्णिमेला विहारात येतो, जयंतीच्या कामात पुढे असतो. परंतु गेले काही महिने त्याचा पगार घरी पोचेनासा झाला होता. खोदून विचारल्यावर, मोबाइलवरील एका खेळात दहा-दहा, वीस-वीस रुपये लावीत असल्याचे त्याने कबूल केले. आईने शीलाची आठवण दिली तेव्हा तो म्हणाला, "आई, पंचशीलात जुगाराचे नाव कुठे आहे? बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांतही नाही. मी चोरी केली नाही, दारू प्यायलो नाही. मग शील मोडले कसे?" त्या माऊलीने तोच प्रश्न मजपुढे ठेवला, "सर, त्याला काय सांगू?"

जुगार वाईटच, एवढे उत्तर येथे पुरेसे नाही. मुलाने प्रश्न धम्माच्या भाषेत विचारला आहे, तेव्हा उत्तरही धम्माच्या भाषेतच शोधले पाहिजे. त्यासाठी दोन गोष्टी पाहाव्या लागतील. एक म्हणजे तथागतांनी जुगाराला कोणत्या वर्गात घातले आहे. आणि दुसरी, हा नवा खेळ मुळात चालतो कसा. दुसरी गोष्ट समजल्याशिवाय पहिलीचे महत्त्व ध्यानात येत नाही, असा माझा अनुभव आहे.

पाचव्या शीलात सुरा, मेरय आणि मज्ज या तीन शब्दांनंतर एक चौथा शब्द येतो : पमादट्ठान. पमाद म्हणजे प्रमाद, बेसावधपणा. ठान म्हणजे स्थान, आधार. मद्य का वर्ज्य, याचे कारणच त्या शब्दात सांगितलेले आहे. मद्याचा दोष त्याच्या थेंबात नसून त्यामुळे मनाची जागृती सुटते, यात आहे. त्रिशरण-पंचशील आपण रोज म्हणतो, पण या शब्दापाशी क्वचितच थांबतो.

आता दीघनिकायातील एकतिसावे सुत्त, सिगालोवाद, पाहावे. राजगृहाच्या वेळुवनात भगवंतांचा मुक्काम असताना सिगाल नावाचा गृहपतिपुत्र ओल्या वस्त्रांनी, ओल्या केसांनी सहा दिशांना नमस्कार करताना त्यांना भेटतो. त्याला ते गृहस्थाचा आचार समजावून देतात. त्यात संपत्तीच्या नाशाची सहा द्वारे, म्हणजे अपायमुखे, सांगितली आहेत : मद्यपान, अवेळी रस्त्यांवर भटकणे, खेळतमाशांचा नाद, जुगार, वाईट मित्रांची संगत आणि आळस. मूळ पालीत या सहांपैकी फक्त दोघांना 'पमादट्ठान' हे पद जोडलेले आहे. एक मद्य आणि दुसरा जुगार. भटकण्याला, तमाशांना, आळसाला ते जोडलेले नाही. ज्या पदाने पाचव्या शीलात मद्याचा दोष सांगितला, त्याच पदाने या सुत्तात जुगाराचाही सांगितला आहे. हे साम्य केवळ योगायोगाचे आहे असे मला वाटत नाही.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या पाचव्या खंडात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गृहस्थाच्या विनयासाठी याच सिगालाच्या संवादाचा आधार घेतला आहे. बावीस प्रतिज्ञांचे प्रयोजन वेगळे होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे जुना धर्म सोडून नवा स्वीकारणाऱ्या जनसमुदायासाठी त्या होत्या. गृहस्थाने टाळावयाच्या प्रत्येक गोष्टीची यादी त्यांत शोधणे योग्य नव्हे. ती यादी धम्मग्रंथात आहे आणि जुगार तिच्यात आहे.

खेळ कसा चालतो

आज अनेक खेळ प्रचलित आहेत : रमी, रंग ओळखण्याचे खेळ, क्रिकेटच्या प्रत्येक चेंडूवरील पैजा. यांपैकी 'एव्हिएटर' हा खेळ नमुन्यादाखल घेतो, कारण त्याची रचना सर्वांत उघडी आहे. जॉर्जिया देशातील 'स्प्राइब' या कंपनीने तो २०१९ मध्ये आणला. पडद्यावर एक लहानसे लाल विमान उड्डाण करते. ते वर चढत असताना एक आकडा वाढत जातो : एक पट, सव्वा पट, दीड पट, दुप्पट. विमान केव्हाही अचानक उडून नाहीसे होते. त्याच्या आत बटण दाबले तर लावलेली रक्कम त्या वेळच्या पटीने परत मिळते; नाही दाबले तर सर्व जाते. पत्ते समजावे लागत नाहीत, हिशेब येण्याची गरज नाही, जोडीदारही लागत नाही. एक डाव पंधरा-वीस सेकंदांत संपतो आणि लगेच दुसरा सुरू होतो.

कंपनी स्वतःच सांगते की लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांपैकी सरासरी ९७ रुपये खेळणाऱ्यांना परत जातात. तीनच टक्के! ऐकणाऱ्याला हा व्यवहार फार प्रामाणिक वाटतो. गिरणगावातील जुन्या मटक्याशी याची तुलना केली की मग खरा प्रकार कळतो.

मुंबईत प्रारंभी न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर पैजा लागत. १९६१ च्या सुमारास तो मार्ग बंद झाल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला. १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपला वेगळा मटका काढला. आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीने वरळी-नायगावच्या बी.डी.डी. चाळींतून हा 'आकडा' पाहिलेला आहे. ज्या गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगाराला विणकाम खात्यात शिरू दिले जात नसे, त्या गिरण्यांतील कमी पगाराच्या खात्यात मिळविलेला पैसा कोपऱ्यावरच्या आकडेवाल्याच्या चिठ्ठीवर जात असे. एका आकड्याला रुपयाला नऊ रुपये हा सर्वसाधारण भाव. आकडे दहा, म्हणजे शंभर रुपयांमागे दहा रुपये मटकेवाल्याचे. तीन टक्क्यांच्या मानाने हे तिपटीहून अधिक झाले.

पण मटक्याचा आकडा दिवसातून दोनदा फुटे. रात्री 'ओपन' आणि मध्यरात्रीच्या सुमारास 'क्लोज'. दोन्ही वेळी दहा-दहा रुपये लावणाऱ्याचे दिवसाला सरासरी दोन रुपये जात. एव्हिएटरमध्ये तासाला सुमारे २०० डाव होतात. प्रत्येक डावाला दहाच रुपये लावले तरी तासाभरात २,००० रुपयांची उलाढाल होते आणि तिचे तीन टक्के म्हणजे ६० रुपये. ज्याला आपण लहान खेळ म्हणतो तो एका तासात मटक्याच्या एका दिवसाच्या तीसपट घेऊन जातो. हानी टक्केवारीत नाही, वेगात आहे.

ही सरासरी झाली. प्रत्यक्षात हरलेला मनुष्य दहा रुपयांवर थांबत नाही. 'हरलो की दुप्पट लावायचे, एकदा जिंकलो की सर्व वसूल' ही युक्ती प्रत्येक खेळणाऱ्याला आपणच शोधल्यासारखी वाटते. तिचा हिशेब मांडून पाहू. दुप्पट मिळेपर्यंत थांबायचे ठरविले तर जिंकण्याची शक्यता शंभरात सुमारे साडेअठ्ठेचाळीस. दहा रुपयांपासून आरंभ करून लागोपाठ दहा डाव हरल्यास १०, २०, ४० असे करीत ५,१२० पर्यंत जावे लागते आणि गेलेली एकूण रक्कम १०,२३० रुपये होते. असे दहा पराभव लागोपाठ येणे दुर्मीळ वाटते. पण गणित केले तर सरासरी सुमारे १,५७० डावांत एकदा ते येतात. म्हणजे तासाला २०० डावांप्रमाणे आठ तासांचा खेळ, चार-पाच संध्याकाळी. तेवढ्या डावांत प्रत्येक विजयाचे दहा रुपये धरून सुमारे साडेसात हजार रुपये मिळालेले असतात. ते हळूहळू, आनंद देत मिळतात. जाणारे दहा हजार मात्र पाच मिनिटांच्या आत जातात. जवळ दहा हजार नसणाऱ्याची गोष्ट याहून आधीच संपते.

विमान केव्हा उडून जाईल हे सांगणारी ॲप आणि 'खात्रीचे' संदेश विकणारेही पुष्कळ झाले आहेत. ही शुद्ध फसवणूक होय. डावाचा निकाल कंपनीचा संगणक आणि त्या डावात प्रथम पैसे लावणारे तीन खेळाडू यांच्याकडून आलेल्या सांकेतिक आकड्यांच्या मिश्रणातून ठरतो. डाव सुरू होण्यापूर्वी तो बाहेरच्या कोणालाही कळणे शक्य नसते. लित्त जातकातील लबाड जुगारी हरू लागला की फासा तोंडात लपवी. त्या काळी निदान लबाडी ओळखण्यासाठी प्रतिस्पर्धी समोर बसलेला असे.

वेदना आणि तृष्णा यांच्यामधील जागा

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. प्रतीत्यसमुत्पादाच्या साखळीत स्पर्शापासून वेदना, वेदनेपासून तृष्णा आणि तृष्णेपासून उपादान अशी कड्यांची मांडणी आहे. वेदना म्हणजे येथे केवळ दुःख नव्हे; सुखद, दुःखद किंवा तटस्थ अशी संवेदना. साधकाला जे काही करता येण्यासारखे असते ते वेदना आणि तृष्णा यांच्या दरम्यान. सुखद वाटले, याची जाणीव ठेवून तो थांबू शकतो. स्मृतीचे, सतीचे, कार्यक्षेत्र तेच होय.

मटका लावणाऱ्याला आकडा फुटेपर्यंत तासन्‌तास मिळत. त्या वेळात तो घरी येई, जेवे, मुलाची फी आठवे, बायकोचे बोलणे ऐके. कित्येक जण त्यातूनही सावरत नसत हे खरे, तरी सावरण्यासाठी जागा होती. मोबाइलवरील खेळाने तीच जागा काढून टाकली आहे. पराभवाची वेदना पुरती जाणवण्यापूर्वी पुढचे विमान धावपट्टीवर आलेले असते. पैसेही हातातून जाताना दिसत नाहीत. यूपीआयची सोय २०१६ मध्ये सुरू झाली. व्यवहाराची ही उत्तम सोय आहे यात वाद नाही, पण नोट मोजून देताना हात जो क्षणभर अडखळतो तो तिच्यात अडखळत नाही.

आधुनिक मानसशास्त्रानेही हेच वेगळ्या मार्गाने दाखवून दिले आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत, प्रत्येक वेळी दाणा मिळणाऱ्या प्राण्यापेक्षा केव्हा मिळेल याचा नेम नसलेला प्राणी अधिक चिकाटीने कळ दाबीत राहिला. १९७५ मध्ये एलन लँगर यांनी असे दाखविले की निवड आपल्या हातून झाली की केवळ योगायोगावरही मनुष्य आपले नियंत्रण आहे असे मानू लागतो. एव्हिएटरचे बटण खेळणाऱ्याच्या बोटाखाली असते, त्यामुळे हरल्यावर तो खेळाला दोष देत नाही. 'मी एक क्षण आधी दाबायला हवे होते' असे म्हणतो. पडद्याच्या एका बाजूस इतर खेळणाऱ्यांची यादी असते. वेळेवर पैसे काढून घेणाऱ्यांच्या ओळी हिरव्या रंगाने उजळतात; हरलेल्यांच्या ओळी न उजळता मिटून जातात. सगळे जिंकत आहेत, आपणच मागे राहिलो, असे वाटण्यासाठी आणखी काय हवे?

जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणात जुगाराच्या विकाराची नोंद मद्यादी पदार्थांच्या व्यसनांबरोबर एकाच गटात केली आहे. हे वर्गीकरण २०२२ पासून लागू झाले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या पुस्तिकेत २०१३ मध्येच तसा बदल केला होता. सिगालोवादात ही दोन्ही एका पदाने जोडलेली आहेत, हे वर आलेच.

सभेत शब्द न चालणे

जुगाराचे सहा दुष्परिणाम भगवंतांनी सिगालाला सांगितले. जिंकणारा वैर जोडतो; हरणारा गेलेल्या धनासाठी शोक करतो; हाती असलेली संपत्ती जाते; सभेत त्याच्या शब्दाला वजन राहत नाही; मित्र आणि सहकारी त्याचा अवमान करतात; आणि त्याला कोणी मुलगी देऊ इच्छीत नाही, कारण जुगारी संसार चालवू शकणार नाही असे लोक मानतात.

यांतील चौथा परिणाम आपल्या समाजाच्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे. आपल्या संस्था वर्गणीवर चालतात. विहाराची पेटी, जयंतीचा निधी, महिलांच्या बचत गटाची रक्कम, मयताच्या मदतीची यादी हे सर्व विश्वासावर कोणा एकाकडे असते आणि आता बहुधा त्याच्या मोबाइलशी जोडलेल्या खात्यात असते. हरलेली रक्कम 'उद्या भरून टाकू' म्हणून या निधीतून उचलली गेली की मग दुसरे आणि चौथे शीलही टिकत नाही. ती रक्कम परत आली तरी, त्या माणसाने पुढे सभेत उठून हिशेब मागितला तर ऐकणार कोण? ज्या समाजाला शतकानुशतके सभेत बोलूच दिले नव्हते, त्याच्या एका तरुणाचा शब्द असा विझणे ही केवळ खाजगी हानी नव्हे.

यापुढची पायरी कर्जाची. अंगुत्तरनिकायातील इणसुत्तात गृहस्थाच्या दारिद्र्याचा क्रम दिला आहे : दारिद्र्य, त्यातून ऋण, ऋणावर व्याज, मग तगादा, मग पाठलाग आणि शेवटी बंधन. झटपट कर्ज देणाऱ्या मोबाइल ॲपच्या जाळ्यात सापडलेल्यास हा क्रम नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. मोबाइलमधील सर्व ओळखीच्यांना फोन करून अपमान करण्याचे प्रकार इतके वाढले की रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये कर्जदाराच्या संपर्क-यादीत शिरण्यास अशा ॲपना मनाई केली. बेकायदा ॲप ती मानीत नाहीत, हे वेगळे. अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत 'अनणसुख', म्हणजे कोणाचे काही देणे नसल्याचे सुख, स्वतंत्रपणे मोजले आहे. त्याचे मोल सावकाराचा उंबरठा पाहिलेल्या घरालाच कळते.

कायद्याची बाजू

संविधान सभेत १९४९ मध्ये राज्यसूचीतील 'पैज आणि जुगार' या नोंदीवर चर्चा झाली. काही सभासदांना असा शब्द संविधानात असणेच अशोभनीय वाटले आणि तो काढावा अशी मागणी त्यांनी केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा होता की नोंद गाळल्याने जुगार बंद होणार नाही. विषय फक्त राज्यांकडून केंद्राकडे जाईल. नोंद ठेवल्यानेच राज्याला जुगारावर बंदी घालण्याचा अधिकार मिळेल. आज ती सातव्या अनुसूचीत राज्यसूचीची ३४ वी नोंद आहे. वाईट गोष्टीचे नाव न घेतल्याने ती नाहीशी होत नाही, ही त्यांची दृष्टी आपल्या घरांतही उपयोगी पडण्यासारखी आहे.

महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. तो अड्ड्यांच्या काळातला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरविला आणि पुढे या भेदाच्या आश्रयाने ऑनलाइन कंपन्या वाढल्या. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयीचा नवा कायदा संमत केला. २२ ऑगस्ट रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांपुरता कौशल्य आणि दैव हा भेद पुसून टाकला. असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व पन्नास लाखांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. सुमारे ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ बसून वीस हजार कोटी रुपयांहून अधिक हानी झाल्याचा अंदाज सरकारने त्या वेळी मांडला. देशातील मोठ्या कंपन्यांनी त्याच महिन्यात पैशांचे खेळ थांबविले. मात्र परदेशांतून चालणारे खेळ एक पत्ता बंद होताच दुसऱ्या पत्त्याने उघडतात.

कुटुंबांनी एक गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी : या नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्याला पीडित मानले आहे. पोलिसांच्या भीतीने मुलगा गप्प राहत असेल तर हे त्याला सांगितले पाहिजे.

उपासिकेला दिलेले उत्तर

त्या माऊलीला मी पमादट्ठान हा शब्द समजावून सांगितला आणि दीघजाणू कोलियाला केलेला उपदेशही. त्यात समजीविता, म्हणजे मिळकत आणि खर्च यांचा समतोल, सांगितला आहे; तराजू धरणारा जसे किती झुकले ते पाहतो तसे गृहस्थाने पाहावे. सिगालालाही मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले आहे : एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी, एक संकटासाठी राखून. त्या चार भागांपैकी विमानावर लागणारे दहा रुपये कोणत्या भागातले, हे मुलालाच ठरवू द्यावे असे मी सुचविले. त्याला रागावू नये, त्याची कर्जे गुपचूप फेडू नयेत, आणि बँकेच्या खात्यातील नोंदी मोबाइलवर न पाहता वहीत हाताने उतरवून काढावयास सांगावे. प्रमादाने जी गती घेतली ती हाताने लिहिताना टिकत नाही. मन फारच अस्वस्थ असेल, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा येत असेल, तर सरकारची 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे.

पुढच्या रविवारी मायलेक दोघेही आले. दोनशे पानी वहीत एकेका ओळीवर एकेक नोंद, दहा, दहा, वीस, दहा, चाळीस. एका महिन्याच्या नोंदींनीच एकतीस पाने भरली होती. मुलाने खालची बेरीज पेन्सिलीने लिहिली होती आणि उरलेले दोन महिने उतरवायला त्याला आणखी एक आठवडा हवा होता.